अक्षय कृपेचा करार

मार्गशीर्षाच्या आगेमागे येणारा नाताळचा सण महाराष्ट्रात व गोमंतकात आता कोणालाच परका राहिलेला नाही. शेजारच्या ख्रिस्ती घराच्या दारावर चांदणी लागते, नेवऱ्यांचे ताट कुंपणावरून येते, आणि दिवाळीच्या फराळाची गोड परतफेड होते. परंतु ताटांची देवघेव जितकी सहज होते, तितकी विचारांची होत नाही. ज्या ग्रंथाच्या आधारावर आपले ख्रिस्ती बांधव आपला प्रपंच चालवितात, त्या बायबलात ईश्वरकृपेविषयी नेमके काय सांगितले आहे, याची ओळख आपल्याकडील भाविक घरांना फारशी नसते. ती थोडीशी करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. स्वतःचे दैवत न सोडताही दुसऱ्याच्या देवघरापाशी हात जोडून उभे राहता येते, हे आपल्या परंपरेने आपणांस शिकविलेच आहे.

कीर्तनाची आरती होऊन मंडळी पांगू लागली की एखादी माउली मागे रेंगाळते. तिचा प्रश्न ठरलेला असतो. "बुवा, सोळा वर्षे उपवास केले, पारायणे केली, मग देवाने माझेच का ऐकले नाही?" गावे बदलतात, माणसे बदलतात, प्रश्न तोच राहतो. देव कृपाळू आहे हे मान्य. परंतु तो दिलेल्या शब्दाला जागतो का? कृपा आणि विश्वसनीयता या दोन गोष्टींचा हा प्रश्न आहे, आणि बायबलाचा फार मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो.

दोन शब्दांचा विचार

शब्दापासून आरंभ करणे ही शास्त्राभ्यासकाची जुनी खोड. जुन्या कराराची भाषा हिब्रू. तीत ईश्वराच्या कृपेसाठी 'हेसेद' असा शब्द येतो. मराठीत त्याचे भाषांतर 'दया' असे केले जाते. परंतु मुळात त्या शब्दात दयेइतकीच निष्ठाही भरलेली आहे. क्षणिक कळवळ्याला हेसेद म्हणत नाहीत. नात्याने बांधलेल्याने कोणत्याही प्रसंगी पाठ न फिरविणे, हा त्याचा अर्थ. दुसरा शब्द 'एमुना', म्हणजे भरवसा ठेवण्याजोगा स्थिरपणा. प्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्ती बांधव जे 'आमेन' म्हणतात, ते याच धातूचे रूप होय. त्याचा मूळ भाव 'पक्के आहे, डळमळणार नाही' असा. आपल्याकडे 'धृ' म्हणजे धारण करणे या धातूपासून 'धर्म' शब्द झाला, त्याच जातीची ही कल्पना आहे.

आता आपला 'विश्वास' हा शब्द पाहा. 'वि' उपसर्ग आणि 'श्वस्' धातू. श्वास मोकळेपणाने घेणे, निर्भयपणे श्वसन करणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. आईच्या कुशीत झोपलेल्या मुलाचा श्वास जसा संथ चालतो, तसा ज्याच्या सान्निध्यात आपला श्वास चालतो, त्याच्यावर आपला विश्वास आहे असे समजावे. 'अनुग्रह' शब्दही असाच बोलका आहे. 'अनु' म्हणजे मागाहून, 'ग्रह्' म्हणजे धरणे. चालावयास शिकणाऱ्या मुलाला मागून कोणी धरलेले असते. मुलाला ते दिसत नाही, म्हणून धरणारा नाही असे होत नाही.

बायबलात दीडशे स्तोत्रांचा एक संग्रह आहे. त्यातील १३६ व्या स्तोत्राची रचना कीर्तनकाराला तर फारच जवळची वाटेल. त्यात २६ चरण आहेत आणि प्रत्येक चरणाच्या शेवटी एकच पालुपद येते. ईश्वराचे हेसेद कधी संपत नाही, असा त्याचा आशय. सृष्टीची उत्पत्ती सांगितली, पालुपद. मिसर देशातील दास्यातून सुटका सांगितली, पालुपद. अरण्यातील वाटचाल सांगितली, पुन्हा पालुपद. कीर्तनात ध्रुपद ज्यासाठी वारंवार घ्यावयाचे असते, त्याच कारणासाठी ते येथे आहे. आख्यान कितीही दूर गेले, तरी श्रोत्याने मूळ सिद्धान्त विसरू नये.

नवस आणि करार

बायबलाच्या दोन भागांना जुना करार व नवा करार अशी नावे आहेत. 'करार' शब्द ऐकताच आपणांस कागद, मुद्रांक आणि साक्षीदार आठवतात. परंतु उत्पत्ती नावाच्या पहिल्या पुस्तकात, १५ व्या अध्यायात, या कराराचे जे वर्णन आहे ते मनन करण्याजोगे आहे. अब्राहाम वृद्ध झाला आहे, त्याला संतान नाही. ईश्वर त्याला आकाशातील तारे दाखवून सांगतो की तुझी संतती इतकी होईल. अब्राहाम प्रमाण मागतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बलिपशूंचे दोन भाग करून समोरासमोर मांडले जात आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत जात. जो शब्द मोडील त्याची गत या पशूंसारखी होवो, असा त्यातील शपथेचा भाव असे. अब्राहामाने सर्व मांडणी केली. सूर्य मावळला, त्याला गाढ निद्रा आली, आणि दाट काळोखात धुमसणारी भट्टी व जळता पलिता त्या भागांमधून गेला. म्हणजे अग्निरूपाने चालला तो एकटा ईश्वर. अब्राहाम चाललाच नाही.

या प्रसंगाचे मर्म असे की करार दोघांचा असला तरी त्याची शपथ एकाच पक्षाने वाहिली. मनुष्याच्या सामर्थ्यावर त्यातील काहीच टांगलेले नाही. आपल्याकडे अग्नीला साक्षी ठेवतात; येथे प्रतिज्ञा करणाराच अग्नीच्या रूपाने आला.

आता आपल्या नवसाकडे वळू. 'हे दे, म्हणजे ते देईन' हा नवसाचा साचा. त्यात देव एक पक्ष, आपण दुसरा पक्ष, आणि मध्ये तराजू. काम झाले नाही की आपण म्हणतो, देवाने शब्द पाळला नाही. परंतु देवाने तो शब्द दिला होता कोठे? तो आपणच त्याच्या नावावर लिहून घेतला होता. आपल्या संतांनी नवसाचा हा बाजार कधीच मानला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत अनन्य भक्ताचा योगक्षेम आपल्या शिरावर घेतात. रामायणात बिभीषण समुद्रतीरी येतो तेव्हा सुग्रीव शंका काढतो, आणि रामचंद्र सांगतात की एकवार शरण आलेल्याला अभय देणे हे माझे व्रतच आहे. व्रत भक्ताचे नव्हे, देवाचे! तेथे तराजूला जागाच नाही.

हरिश्चंद्र आणि ईयोब

देव शब्दाला जागतो हे सुखात म्हणणे सोपे. दुःखात काय? बायबलातील ईयोबाचे आख्यान याच प्रश्नासाठी आहे, आणि ते ऐकताना हरिश्चंद्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ईयोब सात्त्विक, दानशूर गृहस्थ. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट. एका दिवसात सर्व जाते. मुले घर कोसळून मरतात. मग त्याचे अंग गळवांनी भरते आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवितो. हरिश्चंद्राची स्मशानातील रात्र आणि ईयोबाची राख यांत फार अंतर नाही.

त्याच्या समाचाराला तीन मित्र येतात. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात आणि सर्व बिघडते. तिघांचे म्हणणे एकच की देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काही पाप घडल्यावाचून हे झाले नसेल, ते कबूल कर. ईयोब ते मानीत नाही. तो देवाशी भांडतो, जाब विचारतो, जन्मदिवसाला शाप देतो. परंतु देवाला सोडून दुसऱ्या दारी जात नाही. शेवटी देव वावटळीतून बोलतो. तो दुःखाचे कारण सांगत नाही. आपल्या सृष्टीची अथांगता दाखवितो. आणि मग मित्रांवर कोप करून म्हणतो की माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे.

या निर्णयावर प्रत्येक धार्मिक माणसाने थांबून विचार केला पाहिजे. देवाची बाजू घेऊन बोलणारे खोटे ठरले, आणि देवाशी भांडणारा खरा ठरला! आपला कर्मसिद्धान्त निराळा आहे, पुनर्जन्माचा विचार त्या ग्रंथात नाही, हे ध्यानात ठेवूनही हा बोध आपणांस लागू पडतो. कर्मसिद्धान्त मनुष्याने स्वतःचे पाऊल सांभाळण्यासाठी आहे; दुसऱ्याच्या जखमेवर ठेवण्यासाठी नाही. मूल गमावलेल्या आईला 'पूर्वजन्मीचे भोग' असे सांगणारा ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला जाऊन बसतो. सुतकाच्या घरी गेल्यावर शक्यतो सात दिवस न बोलणाऱ्या मित्रांसारखे असावे. आणि देवाशी भांडणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे नामदेव-जनाबाईंच्या महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगावयास नको. ज्याच्यावर हक्क वाटतो, त्याच्याशीच भांडण होते.

हाच विश्वास दानिएलाच्या पुस्तकात आणखी एक पायरी वर चढतो. बाबेलच्या राजाने सोन्याची मूर्ती उभारली आणि तीन यहुदी तरुणांना तिच्यापुढे लोटांगण घालावयास सांगितले. नाहीतर धगधगती भट्टी. त्यांचे उत्तर असे की आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. परंतु त्याने नाही सोडविले, तरीही आम्ही नमणार नाही. प्रह्लादाची वृत्ती याहून वेगळी नव्हती. 'सोडविले तर' हा नवस, आणि 'नाही सोडविले तरी' हा विश्वास.

उद्ध्वस्त नगरीतील पहाट

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम नगरी जिंकून जाळली. शलमोनाने बांधलेले मंदिर भस्मसात झाले, लोक कैद करून नेण्यात आले, उपासमारीने रस्त्यांत मुले पडली. त्या दुःखाचे एक छोटे पुस्तक बायबलात आहे. त्याचे नाव विलापगीत, आणि परंपरेने ते यिर्मया या संदेष्ट्याचे मानले जाते. त्याचे अध्याय पाच. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. पहिल्या चार अध्यायांची रचना या अक्षरांच्या क्रमाने केलेली आहे. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन-तीन, अशी ६६ वचने येतात. दुःख इतके अफाट होते की ते मोजण्यासाठी कवीला सगळी वर्णमाला लागली. कोसळलेल्या घरात उरलेला एकच खांब धरून उभे राहावे, तसा त्याने अक्षरक्रम धरला.

आणि या तिसऱ्या अध्यायात, 'हेसेद' शब्द ज्या अक्षराने सुरू होतो ते 'हेथ' अक्षर येते, तेव्हा कवी एकदम म्हणतो की ईश्वराचे हेसेद आटलेले नाही, ते रोज पहाटे नवे होते, आणि त्याची विश्वसनीयता मोठी आहे. मंदिर जळालेले आहे, नगरी ओसाड आहे, कैदी परत आलेले नाहीत. काहीही बदललेले नसताना तो हे म्हणतो. पुढे विलाप पुन्हा सुरू होतो आणि पुस्तक एका व्याकूळ शंकेवरच संपते. म्हणजे विश्वासाने दुःख पुसले नाही. विश्वास दुःखाच्या ऐन मध्यभागी जाऊन बसला.

'रोज पहाटे' हे शब्द त्या लोकांना एका जुन्या कथेची आठवण देत असतील. मिसर देशातून सुटल्यावर त्यांनी ४० वर्षे अरण्यात काढली. तेथे रोज सकाळी भूमीवर दहिवरासारखा एक पदार्थ पडलेला असे. 'हे काय?' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव मान्ना पडले. नियम असा की माणशी ठरलेले माप, त्या दिवसापुरतेच वेचावयाचे. उद्यासाठी साठविले तर त्यात किडे पडत. विश्रांतीच्या दिवसापूर्वी मात्र दुप्पट मिळे आणि ते टिके. या नियमात मोठे शिक्षण आहे. देवाने दहा वर्षांची कोठारे भरून दिली असती, तर लोकांचा विश्वास कोठारावर बसला असता, देणाऱ्यावर नव्हे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची.

परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. मान्ना तोंडात येऊन पडत नव्हता. ऊन तापण्यापूर्वी उठून, वाकून, वेचावा लागे. आपल्या वैष्णव आचार्यांमध्ये कृपेविषयी दोन न्याय प्रसिद्ध आहेत. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काहीच करीत नाही, हा मार्जारन्याय. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, हा मर्कटन्याय. मान्नाच्या कथेत या दोन्हींचा मेळ दिसतो. पाडणे देवाचे, वेचणे आपले.

थोरल्या मुलाची तक्रार

नव्या करारात लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बहुतेकांनी ऐकलेला असतो. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, डुकरे राखण्याची पाळी येते, आणि 'निदान चाकर म्हणून ठेवा' असे म्हणावे या विचाराने परत निघतो. तो दूर आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळा मिठी घालतो. मुलाने पाठ केलेली क्षमायाचना पुरी होण्यापूर्वीच झगा, अंगठी आणि जोडे आणविले जातात. आपल्याकडील अजामिळाची कथा याच जातीची. मरणसमयी त्याने हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला, आणि धावून आले ते विष्णुदूत. कृपा पात्रता मोजीत बसत नाही.

परंतु भाविक घरांनी खरे ऐकावयाचे ते दृष्टान्ताचे उत्तरार्ध. थोरला मुलगा शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि घरात पाऊल टाकावयास नकार देतो. इतकी वर्षे मी राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला एक करडूही कधी मिळाले नाही, असे तो म्हणतो. नित्यनेम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनातील हीच तक्रार नव्हे काय? सोळा वर्षे उपवास आम्ही केले आणि भरभराट त्याची झाली! बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो आणि सांगतो की तू सदैव माझ्याजवळ आहेस, माझे ते सर्व तुझेच आहे. थोरल्याला ठाऊक नव्हते की सेवेचे फळ करडू नसून बापाचे सान्निध्य होते, आणि ते त्याला रोज मिळत होते. घरात जाऊन तो जेवला की नाही, हे येशूने सांगितले नाही. त्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

मराठी मातीतील दुवे

हा विचार मराठीत नवा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला. येथील नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांसारखे काही वाचावयास हवे होते. त्यांच्यासाठी त्याने ओवी छंदात क्रिस्तपुराण रचिले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. परदेशी मनुष्याने आपल्या देवाची करुणा गावयास ओवीच घ्यावी, यात ओवीचा गौरव आहे.

पंडिता रमाबाईंची कथा तर पुराणिकांच्या घरातीलच आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगावच्या देवळांत पुराण सांगत. तीर्थयात्रा, दाने, अनुष्ठाने सर्व झाली. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व मोठी बहीण अन्नावाचून निवर्तली. 'देवाने का ऐकले नाही' हा प्रश्न रमाबाईंना पुस्तकात भेटला नाही, वाटेवर भेटला. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते अनेकांना रुचले नाही. आजही रुचत नसेल. परंतु ज्या दुष्काळाने त्यांचे घर नेले, तसाच दुष्काळ १८९६-९७ मध्ये पडला तेव्हा शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना त्यांनी आश्रयाला आणिले, हेही विसरता येत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून साध्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले आणि १९२२ साली त्यांनी देह ठेवला. ज्या कृपेची वाट त्या पाहत होत्या, ती त्यांच्या हातून दुसऱ्यांपर्यंत गेली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. परंतु अभंग सोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या आघातानंतर वियोगाची वर्षे कशी काढली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या मराठी घरांना माहीत आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली अपुरे राहिले; फारसे शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. निष्ठा म्हणजे काय, हे समजावयास यापेक्षा दुसरे भाष्य नको.

मंदिरातील दोन वृद्ध

नाताळात गोठ्यातील बाळाचे चित्र आपण पाहतो. त्यापुढील एक प्रसंग मात्र चित्रांत क्वचित येतो. प्रथेप्रमाणे मरिया व योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. गरिबांना परवडणारे दोन पक्षी, एवढेच त्यांचे अर्पण. तेथे शिमोन नावाचा भक्त होता. प्रभूने पाठविलेल्या तारकाला पाहिल्यावाचून मरण येणार नाही, असे त्याला वचन होते. आणि हन्ना नावाची विधवा होती. लग्नानंतर सात वर्षांत तिचा पती गेला. ८४ वर्षांची होईपर्यंत उपवास व प्रार्थना करीत ती मंदिर सोडून गेली नाही. आपल्या देवळाच्या खांबाला टेकून जपमाळ ओढीत बसलेल्या कित्येक आजींमध्ये हन्ना दिसते.

गर्दीत शेकडो मुले आली-गेली असतील. या दोघांनी नेमके ओळखले. शिमोनाने बाळाला हातांवर घेऊन देवाचे आभार मानले. परंतु त्याच वेळी त्याने त्या तरुण मातेला सांगितले की तुझ्या जिवातून तलवार भोसकून जाईल. कृपा हातांत आली, आणि तिच्यासोबत दुःखाचीही सूचना आली. देवाने मरियेला दुःखातून वगळले नाही, आणि तिला सोडलेही नाही.

मागे रेंगाळणाऱ्या त्या माउलीला बायबल जे उत्तर देईल, ते बहुधा एवढेच. देवाने तुझे मागणे पुरे केले नसेल. तुझा हात मात्र सोडलेला नाही. आणि विटेवर उभ्या असलेल्या आपल्या पांडुरंगाकडे पाहिले, तर तोही दुसरे काय सांगतो? भक्ताने 'थांब' म्हटले म्हणून तो थांबला आणि अजून बसलेला नाही. शब्दाला जागणे याहून निराळे ते काय असावयाचे!

या नाताळात शेजारचे ताट आले की ते रिकामे परत पाठवू नये. आणि उद्या पहाटे डोळे उघडतील तेव्हा, कालची कृपा संपली असली तरी आजची पडलेली असेल, या भरवशाने पहिला श्वास मोकळेपणाने घ्यावा. तो सर्वांचा योगक्षेम वाहो, हीच प्रार्थना.